आमच्या चौकातला ट्रक

दिवाळीच्या सुमाराला पुण्यातल्या घरात काही वस्तू 'घरच्या' असाव्यात, अशी जुनी रीत आहे. चकली घरची, आकाशकंदील घरचा आणि किल्ला तर घरचाच. तयार किल्ले बाजारात मिळू लागले आहेत खरे, पण ते आणणारा माणूस पिशवी जरा झाकूनच आणतो. यंदा आमच्या बुधवार पेठेतल्या वाड्यापुरती या यादीत एका वस्तूची भर पडली आहे. आमच्याकडे घरचा ट्रक आहे.

वाचकांनी चष्मा पुसण्याचे कारण नाही. ट्रकच म्हणतो आहे मी. लाकडी खेळण्यातला नव्हे, चार माणसांना ढकलतानासुद्धा घाम फोडणारा. मात्र तो मालट्रकही नव्हे. पुढे गोलसर नाकाची छोटी केबिन, मागे हौदा, दोन्ही बाजूंना फुगीर मडगार्ड, असा १९४० सालच्या अमेरिकन फोर्डच्या धाटणीचा तो आहे. जुन्या इंग्रजी चित्रपटात शेतकरी अंडी घेऊन गावात येतो, तो याच गाडीतून. ही गाडी करणारा माझा भाचा. वय सत्तावीस. चाकणच्या एका कारखान्यात नोकरी आणि तिथे दिवसभर संगणकासमोर बैठक. गेली चार वर्षे तो मोटारीच्या दाराची बिजागरी काढतो आहे. बिजागरी काढतो म्हणजे पडद्यावर काढतो. ती हातात धरण्याचा योग त्याला अद्याप आलेला नाही. हेच दुखणे असावे. एरवी चांगली नोकरी असलेला मुलगा शनिवारी-रविवारी अंगभर काचेची कुसळे टोचून का घेईल?

ताईचा फ्लॅट कोथरूडला. तिथे गाडी ठेवायला पांढऱ्या रेघा मारून दिलेली जागा आहे. रेघेबाहेर नारळाची करवंटी ठेवली तरी सोसायटीचे पत्र येते. म्हणून स्वारी मामाकडे आली. आमच्या वाड्याला दोन चौक. मागच्या चौकात पूर्वी म्हैस होती, नंतर जळाऊ लाकडे होती, त्यानंतर बरीच वर्षे काही नव्हते. भाच्याने एकदा टेप धरून चौक मोजला, मग दरवाजा मोजला, आणि मला विचारले, "मामा, हा उंबरा काढता येतो का हो?" घरच्या माणसाने असा प्रश्न विचारला की पुढचे ओळखावे.

या गाड्यांना अमेरिकेत 'हॉट रॉड' म्हणतात. त्या देशात १९३२ साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरचे एंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत बसवले. पुढे त्या गाड्या जुन्या झाल्या, भंगाराच्या भावाने मिळू लागल्या, आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांना एक उद्योग सापडला. गाडीचे जड भाग उतरवायचे, एंजिनला चिमटे काढून जास्त ताकद काढायची, आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात वेगाच्या शर्यती लावायच्या. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले तरुण हातात पाना आणि खिशात थोडे पैसे घेऊनच आले होते, त्यामुळे हे वेड फार फोफावले. १९४८ च्या जानेवारीत तर त्याच नावाचे मासिक निघाले. मूळच्या पत्र्याच्या केबिना कालांतराने गंजून संपल्या. मग लोकांनी त्याच आकाराच्या केबिना फायबरग्लासच्या काढायला सुरुवात केली. आज तिकडे अशी केबिन तयार विकत मिळते. आमच्या चिरंजीवांनी ती मागवण्याचा विचार केलाही होता, परंतु जहाजाचे भाडे आणि जकात यांची बेरीज केल्यावर घरीच करण्याचा स्वाभिमान त्यांच्या ठिकाणी जागा झाला.

मला वाटते, हा खटाटोप आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. मोटारीचा सांगाडा एकाने करावा आणि शरीर दुसऱ्याने, ही तर आपली जुनी पद्धत. आपल्याकडे ट्रक कारखान्यातून यायचा तो चासी, एंजिन आणि चाके एवढाच. उघड्या चासीवर खोके ठेवून, डोक्याला फडके गुंडाळून चालक शेकडो मैल गाडी आणत असत. मग गावोगावचे सुतार आणि लोहार तिच्यावर केबिन चढवत, हौदा बांधत, फाळक्यावर मोर काढत. हल्ली केबिन कारखान्यातूनच येते. हौदा मात्र अजून बऱ्याच ठिकाणी गावचाच. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला एस.टी.ची पहिली गाडी सुटली. ती बेडफर्ड कंपनीची असली, तरी तिचे शरीर लाकडी आणि बैठका काथ्याच्या होत्या. दापोडीच्या कार्यशाळेत चासीवर बसचे शरीर चढवताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना आमच्या चौकातला प्रकार ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की इथे लाकूड आणि पत्रा यांच्याऐवजी काच आहे.

काच म्हणजे खिडकीची नव्हे. काचेचे केसासारखे बारीक तंतू ओढतात, त्यांची चटई करतात, आणि तिच्यात रेझिन नावाचे मधासारखे द्रव्य मुरवतात. ते घट्ट झाले की हलके, न गंजणारे, बऱ्यापैकी चिवट कवच तयार होते. अमेरिकेत शेव्हरोलेने १९५३ साली कॉर्व्हेट नावाची मोटार अशा शरीराची काढली. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या, बहुतेक हातानेच केलेल्या. आपल्याकडे बंगळूरच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन मोटार १९८२ साली आली, तीही फायबरचीच. अलीकडे अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने तशाच शरीराची, उघड्या टपाची दोन माणसांची गाडी काढली. यातली मेख अशी की पत्र्याला आकार द्यायचा तर अजस्र दाबयंत्र आणि पोलादी ठसे लागतात, आणि त्यांची किंमत लाखो गाड्या विकणाऱ्यालाच परवडते. फायबरला लागतो तो साचा, ब्रश, रोलर आणि शनिवार-रविवार.

पण पुणेकराला यासाठी अमेरिकेचा, बंगळूरचा किंवा अलिबागचा दाखला कशाला हवा? आमच्या घरापासून पाच मिनिटांवर तुळशीबाग आहे. तिथला मानाचा चौथा गणपती १९७५ सालापासून फायबरग्लासचा आहे. शिल्पकार डी. एस. खटावकर यांनी तो घडवला. उंची तेरा फूट. ज्या पेठेत तेरा फुटांचा गजानन फायबरचा होऊ शकतो, त्या पेठेत पाच फुटांची केबिन का होऊ नये, हा भाच्याचा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. त्याचे फळही मिळाले. फायबरच्या मूर्ती करणारे एक वृद्ध कारागीर ओळखीतून सापडले आणि सलग आठ रविवार आमच्याकडे येत राहिले. चहा दोनदा, बिनसाखरेचा. मजुरी घ्यायला तयार होईनात. म्हणाले, आयुष्यभर सोंडा केल्या, नाक पहिल्यांदाच करतो आहे.

त्यांच्याकडून जे शिकलो ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण घरी काही करू पाहणाऱ्याला उपयोगी पडेल. आधी वस्तूचा मूळ आकार करायचा. भाच्याने प्लायवुडच्या फासळ्या उभ्या केल्या, त्यांच्यात थर्मोकोल भरला, वर पुट्टी थापली आणि ती घासली. हे घासणे तीन महिने चालले. हातावरून हात फिरवावा तसा म्हातारबुवा डोळे मिटून त्या आकारावरून तळवा फिरवत आणि "इथे अजून खळगा आहे" म्हणून सांगत. आम्ही दिवा तिरका धरून पाहावे तर तिथे खळगा असायचाच. मूळ आकार गुळगुळीत झाला की त्याला मेणाचे पाच-सहा हात द्यायचे आणि त्याच्यावरून साचा काढायचा, तोही फायबरचाच. मग साच्याला आतून पुन्हा मेण. "मेणात कंजुषी केली तर देव साच्यातून सुटत नाही," हे त्यांचे पहिल्या दिवशीचे वाक्य. आमचे डावे मडगार्ड सुटताना दोन तास रुसले, तेव्हा ते सर्वांना आठवले.

साच्यात पहिला हात जेलकोटचा; तो वस्तूचा बाहेरचा चेहरा. तो चिकट राहिला असतानाच चटईचे तुकडे अंथरून त्यांवर रेझिन मारायचे आणि रोलरने हवेचे बुडबुडे पिटाळायचे. एक चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची चटई घेतली तर तिचा एक थर साधारण एक मिलिमीटर जाडीचा होतो. आमच्या मडगार्डांना तीन थर, केबिनच्या कोपऱ्यांना चार-पाच. तीन थरांचे कवच चौरस मीटरला साडेचार किलोच्या आसपास भरते. मोटारीला वापरतात तो पत्रा सात किलोच्या घरात जातो. रेझिन घट्ट व्हावे म्हणून त्यात दोन औषधे पडतात, एक कोबाल्टचे आणि एक हार्डनर. हार्डनर शेकडा एक-दोन टक्के, अधिक नाही. आणि ही दोन औषधे एकमेकांत थेट कधीही मिसळायची नाहीत. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचे, मगच हार्डनर. दोन्ही नुसतीच एकत्र आली तर भडका उडतो. म्हातारबुवांनी दोन बाटल्या चौकाच्या दोन टोकांना ठेवायला लावल्या आणि मधे स्वतःचा पाट टाकून बसले.

वाड्यात आगीची गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. सागवानी खांब, लाकडी जिने, माळ्यावर तीन पिढ्यांची पंचांगे. मे १८७९ मध्ये बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा एकाच रात्री पेटले, त्या हकिकती आमच्या पणजीने तिच्या सासूकडून ऐकल्या होत्या आणि आम्ही पणजीच्या सुनेकडून. रेझिनमधून जी वाफ निघते ती जळणारी आणि डोके दुखवणारी; डब्यात उरलेले रेझिन तर आपल्याच उष्णतेने तापून धुमसू लागते. तेव्हा सौभाग्यवतींनी नियम घालून दिले. चौकात काम सुरू असताना देवघरातले निरांजनसुद्धा शांत करायचे. वाळूच्या दोन बादल्या हाताशी. उरलेले रेझिन पसरट पत्र्यावर ओतायचे, डब्यात ठेवायचे नाही. तोंडाला वाफ गाळणारा मुखवटा आणि हातात मोजे घातल्याशिवाय कोणी पाऊल टाकायचे नाही. कडा कापण्याच्या दिवशी काचेची धूळ उडते, त्या दिवशी पापड वाळत घालायचे नाहीत, हा नियम त्यांनी स्वतःला घातला. कारखाने-निरीक्षकाने येऊन पाहावे अशी व्यवस्था होती.

भाच्याच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या मेहुण्यांचे मत मात्र प्रथमपासून प्रतिकूल. ते पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे प्रेस-शॉपमध्ये होते. हजार टनांच्या दाबाखाली पत्र्याची दारे निघताना ज्यांनी आयुष्य घालवले, त्यांना ब्रशने रंगवल्यासारखी मोटार करणे हा पोरखेळ वाटला तर नवल नाही. "पुठ्ठ्याची गाडी," एवढेच ते म्हणत. शिवाय खर्च. आतापर्यंत एक लाख चाळीस हजार गेले आहेत, आणि ते फ्लॅटच्या हप्त्यासाठी साठवलेल्या रकमेतून. ताई मधल्या मधे. दोघांच्या डब्यात एकच भाजी घालायची आणि दोघांशी वेगवेगळे बोलायचे, असे वर्षभर चालले होते.

मे महिन्यात मेहुणे एकदा निमित्त काढून वाड्यावर आले. मूर्तिकार बसले होते, पोर घासत होते. मेहुण्यांनी केबिनला एक टिचकी मारली, खिशातून व्हर्नियर काढला (हा गृहस्थ लग्नकार्यालाही व्हर्नियर घेऊन जातो) आणि सहा ठिकाणी जाडी मोजली. कुठे तीन, कुठे साडेतीन. काही बोलले नाहीत. मग उकिडवे बसून ते चासीखाली गेले आणि वीस मिनिटांनी बाहेर आले ते संतापून. भाच्याने एका भंगारवाल्याकडून जुन्या पिकअपची चासी आणली होती. तिच्यावर केबिन इतकी देखणी बसली होती, की आम्ही सगळे वरच पाहत होतो. "हे कवच आहे. कवचाने भार घ्यायचा नसतो," मेहुणे म्हणाले. "दाराचे बिजागर फायबरमध्ये स्क्रूने अडकवलेत? दहा वेळा दार आपटले की भोक मोठे होईल. आत पोलादी पट्टी गाड. केबिनच्या आत नळ्यांचा सांगाडा कर आणि आसनाचा पट्टा त्याला बांध, फायबरला नव्हे. आणि ब्रेकची नळी एकच? एक फुटली तर दुसऱ्या जोडीने थांबली पाहिजे गाडी."

त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि या सगळ्या छंदात माणसे जिथे चुकतात ते हेच ठिकाण आहे असे मला दिसते. रंग, नाक, मडगार्ड यांवर फोटो निघतात; ब्रेकचा फोटो कोणी काढत नाही. त्या दिवसापासून मेहुणे दर रविवारी येतात. पोराशी बोलतात असे नाही. चासीशी बोलतात. नाना पेठेत जाऊन दुहेरी ब्रेकचा मास्टर सिलिंडर त्यांनी स्वतः आणला, पैसे स्वतःचे घातले, आणि पावती ताईला दाखवली नाही.

येथवर सर्व गोड आहे. कडू भाग पुढचा. गाडी झाली, तर ती चालवायची कुठे?

महाराष्ट्रात घरी मोटार केलेल्यांची वाट आधी पाहून ठेवावी, म्हणून मी थोडे वाचले. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी हे या वाटेवरचे मोठे नाव. शिक्षण शाळेतले, तेही थोडे. १९४५ च्या सुमारास त्यांनी सामान्य माणसाच्या छोट्या मोटारीचा ध्यास घेतला, १९४९ मध्ये दोन माणसांची गाडी रस्त्यावर आणली, आणि पुढची पंचवीसएक वर्षे एकामागून एक सुधारलेले नमुने केले. गाडीचे नाव 'मीरा'. शेवटच्या नमुन्याला दोन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे एंजिन होते. लिटरला वीस किलोमीटरच्या आसपास धाव. किंमत १२,००० रुपयांपर्यंत ठेवण्याचा बेत. रस्त्यावर धावणारी गाडी होती ती, कागदावरची नव्हे. तरी तिचा कारखाना काही उभा राहिला नाही. परवाने, कर, भांडवल यांच्या दारांवर वर्षे गेली. डिसेंबर १९८३ मध्ये जपानच्या सहकार्याने मारुती बाहेर पडली तेव्हा छोटी मोटार भारतात आली असे सगळे म्हणाले. इचलकरंजीत ती तीस वर्षे आधी येऊन गेली होती.

दुसरी हकिकत ताजी. सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सुटे भाग जमवून मुलासाठी छोटी जीपसारखी गाडी केली. खर्च साठ हजारांच्या आसपास आणि दुचाकीसारखी किक मारली की सुरू. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत सर्वत्र फिरली. आनंद महिंद्रांनी कौतुक केले आणि त्याच दमात हेही सांगितले, की नियमात बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या अडवली जाणार. तिच्या बदल्यात मी बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. नवी गाडी घरी आली, हातची गाडी महिंद्रांकडे गेली. बक्षीस मोठे होते यात शंका नाही. पण लोहारांच्या जागी मी असतो तर त्या रात्री नवीन गाडीत बसून मला जुनीची आठवण आली असती.

नियम काय आहे? मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचे ५२ वे कलम असे, की नोंदणीच्या दाखल्यात कारखानदाराने जे लिहून दिले त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. बरे, बदल नाही, अगदी नवीच गाडी केली म्हणावे, तर नियम १२६ येतो: नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्या. त्यातली एक प्रमुख संस्था, एआरएआय, १९६६ साली स्थापन झालेली, आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. आमच्या वाड्यापासून दीड तासाची चाल. पण ही सगळी व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखानदारासाठी बेतलेली. जुनी गाडी म्हणून 'व्हिंटेज' नोंदणी मागावी, तर जुलै २०२१ चे नियम सांगतात, की गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपातली हवी. आमची गाडी दिसायला पंच्याऐंशी वर्षांची, जन्माने यंदाची. म्हातारीचा वेष घेतलेल्या बालिकेला ना शाळेत प्रवेश, ना पेन्शन.

भाचा एका कचेरीत चौकशीला गेला होता. खिडकीतले गृहस्थ सभ्य होते. त्यांनी अर्ज उघडला आणि विचारले, "उत्पादक कोण?" हा म्हणाला, "मी." त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. 'मी' नावाचा उत्पादक त्यात नव्हता.

यावर कोणी म्हणेल, योग्यच आहे. ज्याने त्याने घरी गाड्या करून लक्ष्मी रोडवर आणल्या तर काय होईल? मीही या रस्त्याने जीव मुठीत धरून चालणारा आहे, मला ही भीती पटते. मेहुणे चासीखाली गेले नसते तर आमची गाडी देखणी आणि घातकी झाली असती. पण म्हणूनच तपासणारा माणूस हवा. आज आहे ती नुसती बंदी. इंग्लंडात अशी सोय आहे. घरी एकच गाडी करणाऱ्याने ती सरकारी तपासणी-केंद्रावर न्यायची; तिथे ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, आसनाचे पट्टे, टोकदार कडा, धूर सगळे पाहतात, बहुधा एक-दोनदा परत पाठवतात, आणि पास झाली की तिला नंबर मिळतो. कॅलिफोर्नियात तर दरवर्षी अशा ५०० घरगुती गाड्यांना धुराच्या नियमात सवलतीची नोंदणी देतात. पाचशेच, त्यासाठी जानेवारीत लोक रांगा लावतात. आपल्याकडेही वर्षाला शंभर गाड्या तपासून घेण्याची एक खिडकी उघडली, तर सरकारचे काय बिघडणार आहे? फी घ्या, भरपूर घ्या. नापास करा. पण का नापास केले ते सांगा. पुढच्या खेपेला तो माणूस वेल्डिंग नीट करून येईल. शंकररावांना कोणी नापाससुद्धा केले नाही.

तोवर ही गाडी सासवडच्या बाजूला एका नातेवाइकाच्या शेतात, कुंपणाच्या आत फिरेल असे ठरले आहे. अंजिराच्या पाट्या बांधापासून घरापर्यंत आणायच्या. हौदा तेवढ्यासाठी पुरेसा आहे.

ती तिथे नेण्याची घाई मात्र आम्हाला करावी लागते आहे, आणि त्याचे कारण वाडाच आहे. पेठेतल्या इतर वाड्यांचे जे झाले ते आमच्याही होऊ घातले आहे. करार तयार आहे, मार्चमध्ये वाडा रिकामा करायचा आहे, नंतर सहा मजले आणि खाली पांढऱ्या रेघा. मी सही करणार आहे. गळके छप्पर आणि मोडके जिने यांच्यावर काव्य करण्याचे माझे वय राहिले नाही. पण मागचा चौक संपला की पुढच्या भाच्याने काय मोजायचे, हा विचार अधूनमधून येतो.

दरवाजाची पंचाईत पोराने पहिल्याच दिवशी सोडवून ठेवली होती, हे आता कळले. दोन्ही दारे पूर्ण उघडली तर मधली रुंदी पाच फूट आठ इंच. त्या काळच्या ट्रकांची मडगार्डे आणि पायऱ्या निराळ्या नटबोल्टांनी बसवलेल्या असत. म्हणूनच त्याने १९४० ची धाटणी निवडली. नंतरच्या गाड्यांची अंगे एकसंध, त्या इथून बाहेरच पडल्या नसत्या. मडगार्डे उतरवली की गाडी पाच फूट दोन इंच. उंबरा काढायचा, फळ्या टाकायच्या, दोन्हीकडे तीन-तीन इंच राहतात. पेशवाईतल्या सुताराने ठेवलेल्या मापात अमेरिकन फोर्ड बसली.

बॉनेट अजून व्हायचे आहे. पावसात ओल असते, रेझिन नीट सुकत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो. तेव्हा ते काम मूर्तिकारांनी भाऊबिजेनंतरच्या कोरड्या हवेवर टाकले आहे. दिवे बुधवारातल्याच तापकीर गल्लीतून आले आहेत; त्यांची तारजोडणी शेजारचा अकरावीतला मुलगा करतो आहे. चासीच्या एका बाजूला पोरांनी किल्ला केला आहे आणि मावळ्यांच्या रांगेत एक स्पार्क प्लगही उभा केला आहे.

गेल्या रविवारी मेहुण्यांनी माझ्यापुढे चार पानी कागद ठेवला. परिवहन खात्याला अर्ज होता. एकट्या-दुकट्या गाडीच्या तपासणीसाठी सोय करावी, इंग्लंडात ती कशी आहे, इथे कोणत्या नियमात कोणता बदल लागेल, सर्व मुद्देसूद. तुम्ही लिहिता, शुद्धलेखन बघून द्या म्हणाले. अर्जासोबत गाडीचा तपशील जोडला होता. 'उत्पादक' या शब्दापुढे मुलाचे पूर्ण नाव. त्याच्या खाली पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेले होते, पुन्हा लिहिलेले होते. 'ब्रेक व स्टिअरिंग' असे लिहून पुढे त्यांनी स्वतःचे नाव घातले होते.

ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका काढून मी कागद परत दिला. पेन्सिलीच्या ओळीवर शाई फिरवा, असे सांगितले. बुधवारी अर्ज टपालात पडला.